जॅग्वारची नाकारलेली मॉडेलं खरंच वाया गेली का?

आमच्या गल्लीतला एक पोरगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, हात चांगलाय त्याचा. त्यानं मला विचारलंय की काका, जॅग्वार या ब्रिटिश कंपनीच्या एक्सजे फॉर्टी या मोठ्या लक्झरी सेडानच्या नाकारलेल्या मॉडेलांचे फोटो बघितले, त्यातली एकदोन तर मला शेवटी बाजारात आली त्या गाडीपेक्षा भारी वाटली, मग ती का नाकारली, आणि एवढ्या माणसांनी एवढी वर्षं केलेलं काम वायाच गेलं का? सोबत त्यानं स्वतःचं एक स्केच पाठवलंय, एका स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाहेर पडलेलं.

बाळा, मी २२ वर्षं पुण्यात एका गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या स्टुडिओत क्ले मॉडेलिंग, म्हणजे गाडीचा आकार क्लेमध्ये घडवायचं काम केलं, आता इथं कोल्हापुरात उद्यमनगरात पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणाऱ्या नमुन्यांचं वर्कशॉप आहे ते तुला माहीतच आहे. तुझा प्रश्न वाचून दोन दिवस तोच विचार डोक्यात चाललाय म्हणून जरा लांबच लिहितो, वेळ काढून वाच.

पहिल्यांदा थेट उत्तर देतो. सगळ्यात भारी दिसणारं मॉडेल निवडायचं हे स्टुडिओचं काम नसतंच. आपली गाडी कुठली हे ओळखायचं असतं, आणि ते आधी कुणालाच माहीत नसतं, मालकाला नाही, डिझायनरला पण नाही. कागदावर ब्रीफ असतं, म्हणजे गाडी कशी हवी त्याची मागणी, पण त्यात काय लिहिलेलं असतं, रुबाबदार हवी, आधुनिक हवी, आपली ओळख टिकली पाहिजे. याचा अर्थ काय ते समोर मॉडेल उभं करून "हे नाही" म्हटल्याशिवाय कळत नाही. पाच वेळा "हे नाही" झालं की मग खरं ब्रीफ तयार होतं. म्हणून नाकारलेलं मॉडेल म्हणजे त्या ब्रीफची एकेक ओळ आहे असं मी धरतो.

आता हे होतं कसं ते बघ. सुरुवातीला स्केचेस, ती शेकड्यानं. त्यातली थोडी निवडून छोट्या स्केलमध्ये क्ले करायची, बहुतेक १:४. त्यातली दोनतीन फुल साईजला जातात आणि शेवटी एकच फ्रीज होतं, म्हणजे कायमचं ठरतं. फुल साईज म्हणजे आत लोखंडाचा किंवा लाकडाचा सांगाडा, त्यावर फोम, आणि वर दीडदोन इंच क्ले. ही क्ले बापट कॅम्पातल्या कुंभारांच्या शाडूसारखी नसते हां, शाडू वाळतो, चिरतो, एकदा वाळला की संपला. ही मेणाची असते, साधारण ६० अंशाला ओव्हनमध्ये तापवली की लोण्यासारखी लागते, गार झाली की घट्ट, आणि महिनाभरानं पण परत खरवडता येते, परत भरता येते. हे फार महत्त्वाचं आहे, कारण माध्यमच असं निवडलंय की ज्यात माघार घेता येते. १९२७ मध्ये जनरल मोटर्सनं हार्ली अर्लच्या हाताखाली आर्ट अँड कलर सेक्शन काढला तेव्हापासून क्लेची पद्धत मोठ्या कंपन्यांत रुजली, आणि आज कॉम्प्युटरवर सगळं होत असताना पण फुल साईज क्ले बऱ्याच ठिकाणी टिकून आहे, त्याचं कारण हेच.

क्ले झाली की त्यावर चकचकीत फिल्म ताणून बसवायची, म्हणजे ती पत्र्यासारखी दिसते, आणि मग बाहेर उन्हात काढायची. आत ट्यूबलाईटखाली जे मॉडेल देखणं वाटतं ते उन्हात पाच मिनिटांत उघडं पडतं. आभाळाचं प्रतिबिंब गाडीच्या खांद्यावरून, म्हणजे काचांखालच्या कडेवरून वाहत जातं ना, ते कुठंतरी अडखळलं की समजायचं तिथं पृष्ठभाग चुकलाय. याला आम्ही हायलाईट म्हणतो. आणि दुसरी गोष्ट स्टान्स, म्हणजे गाडीची उभं राहायची ढब. तू खासबागेत कुस्ती बघायला जातोस तर तुला वेगळं सांगायला नको, खडाखडी सुरू व्हायच्या आधी पैलवान नुसता उभा असतो तेव्हाच जाणत्या माणसाला कळतं वजन कुठल्या पायावर आहे. लक्झरी गाडी उभी असताना तिचं वजन मागच्या चाकांवर आहे असं वाटलं पाहिजे, पुढचं चाक पुढं सरकलेलं, पुढच्या चाकापासून दरवाज्यापर्यंतचं अंतर लांब. ते अंतर लांब असलं की गाडी महाग दिसते, कारण पूर्वीपासून मोठं इंजिन उभं बसवलेल्या गाड्यांनाच ते अंतर मिळायचं आणि आपल्या डोळ्याला ती सवय लागलीय. दसरा चौकात सोनं लुटायच्या दिवशी छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी येते ती बघ, तुला मी काय म्हणतोय ते एका नजरेत कळेल, पुढं सगळं बॉनेटच बॉनेट. त्या काळी अशा गाड्यांचं चेसिस एकाकडून यायचं आणि बॉडी दुसरा कोचबिल्डर करायचा, ड्रॉइंग गिऱ्हाईकापुढं ठेवली जायची आणि गिऱ्हाईकच म्हणायचं नको, हे नको, ते दाखवा. नकार तेव्हापण होताच, फक्त तो एका माणसाचा असायचा.

जॅग्वारमध्ये पण तो बरीच वर्षं एकाच माणसाचा होता, कंपनीचे संस्थापक सर विल्यम लायन्स. हा माणूस ड्रॉइंगवरून गाडी करायचाच नाही. वर्कशॉपमधल्या कारागिरांना शेजारी उभं करून लाकूड आणि पत्र्याचं फुल साईज मॉडेल करून घ्यायचा, ही कड जरा खाली घ्या, ही जरा आत घ्या, आणि मग ते मॉडेल आपल्या घरी, वॅपनबरी हॉलला नेऊन अंगणात ठेवायचा, कारण गाडी शेवटी गिऱ्हाईकाच्या दारात कशी दिसते ते त्याला बघायचं असायचं. नाही आवडलं की परत. १९६८ ला आलेली पहिली एक्सजे सिक्स अशीच घडलेली आहे. म्हणजे तिथंपण नाकारणं भरपूर होतं, पण नाकारणारा डोळा एक आणि दुरुस्त करणारा पण तोच, त्यामुळं प्रत्येक "नाही" नंतर पुढचं पाऊल कुठं टाकायचं ते लगेच ठरायचं. १९७२ ला लायन्स निवृत्त झाले आणि नेमकं त्याच सुमाराला एक्सजे फॉर्टीची पहिली छोटी मॉडेलं सुरू झाली, तिथून खरी गोष्ट सुरू होते.

गाडी बाजारात आली कधी, तर ऑक्टोबर १९८६. म्हणजे १४ वर्षं. या १४ वर्षांत १९७३ चं तेलसंकट आलं, मालक कंपनी ब्रिटिश लेलँड डबघाईला आली, १९७५ ला सरकारनं ताब्यात घेतली, माणसं बदलली, पैसे आले गेले. कंपनीच्या आतली टीम मॉडेलं करतच होती, आणि बाहेरून, इटलीच्या डिझाईन स्टुडिओंकडून पण मागवली, पिनिनफरिनाकडून, बर्टोनेकडून, जुजारोच्या इटालडिझाईनकडून. तू ज्यांना भारी म्हणतोयस ती बहुतेक हीच असणार, आणि तुझी नजर काही चुकलेली नाही, गाडी म्हणून ती देखणीच आहेत. सपाट बाजू, कडक कडा, मोठ्या काचा, सत्तरच्या दशकात इटलीचे लोक याच भाषेत बोलत होते आणि फार सुंदर बोलत होते.

पण आता एक कर, त्या फोटोतल्या मॉडेलच्या नाकावर बोट ठेव, बिल्ला झाक, आणि बाजूनं बघ. ती फियाट असू शकते का, लान्चिया असू शकते का, कुठल्यातरी जपानी कंपनीची मोठी सेडान असू शकते का? माझं उत्तर हो असंच येतं. आता पहिल्या एक्सजेचा असाच बिल्ला झाक. मागच्या चाकावरचा तो खांदा, दबा धरून बसलेल्या जनावरासारखा, तो झाकला जात नाही. जॅग्वारच्या माणसांना हेच टोचलं. इटलीचं मॉडेल समोर आल्यावर त्यांना पहिल्यांदा शब्दांत सांगता आलं की आपल्याकडं नक्की काय आहे जे इथं नाही. तोपर्यंत ते लायन्सच्या डोळ्यात होतं, कुठं लिहिलेलं नव्हतं. हे काम त्या नाकारलेल्या मॉडेलांनी केलं, आणि मला विचारशील तर त्यांचे पैसे तिथंच वसूल झाले.

अजून एक गोष्ट बघ म्हणजे तुला पटेल की काहीच शंभर टक्के नाकारलं जात नाही. शेवटची एक्सजे फॉर्टी घरातल्या टीमचीच आहे, पण ती जुन्या एक्सजेपेक्षा किती चौकोनी आहे, वरच्या मॉडेलांना तर सरळ आयताकृती हेडलाईट, हा त्या सगळ्या काळाचा, त्या समोर येऊन गेलेल्या मॉडेलांचा ठसाच आहे. आणि पिनिनफरिनानं तर दुसऱ्याच दारानं प्रवेश केला. नवी गाडी लांबतेय म्हटल्यावर जुन्याच एक्सजेला ताजं करायचं काम त्यांना दिलं, ती १९७९ ची सिरीज थ्री. छत मागच्या बाजूला जरा उंच केलं, पुढची काच जास्त तिरकी, पुढच्या दरवाज्यातली छोटी त्रिकोणी काच काढून टाकली, हँडल बॉडीच्या पातळीत बसवली. बस्स, एवढंच. खालचा खांदा तसाच ठेवला, त्याला हात लावला नाही. ही माझ्या मते सगळ्या एक्सजेमधली सगळ्यात समजून केलेली गाडी आहे, आणि ती नव्या गाडीच्या नकारांमुळं आणि उशिरामुळंच जन्माला आली. फेब्रुवारी १९८१ ला बोर्डानं एकदाची नव्या गाडीसाठी ८ कोटी पौंडांची मंजुरी दिली तेव्हा सिरीज थ्री विकली जात होती म्हणून तर घर चाललं होतं. लायन्स निवृत्तीनंतर पण मॉडेलं बघायला येत राहिले, पण गाडी रस्त्यावर आलेली त्यांना बघायला मिळाली नाही, फेब्रुवारी १९८५ ला ते गेले. मला हे वाचताना दरवेळी वाईट वाटतं.

पण नकार नेहमी शहाणाच असतो असं समजू नकोस. १४ वर्षांत नजरा बदलतात. १९८२ ला ऑडीची १०० नावाची गोलसर गाडी आली, वाऱ्याला कमी अडवणारी, आणि त्यानंतर चार वर्षांनी आलेली एक्सजे फॉर्टी आत डिजिटल मीटर घेऊन आली पण अंगानं सत्तरच्या दशकातली राहिली. ते डिजिटल मीटर पण गिऱ्हाईकानं नाकारले, १९९० च्या मॉडेलपासून परत काट्याचे गोल मीटर बसवले. आणि १९९४ ला पुढची एक्सजे आली तेव्हा चार गोल दिवे आणि त्या दिव्यांमागून बॉनेटवर वाहत येणारे उंचवटे परत आणले, म्हणजे नकार फिरून मूळ जागी आला.

एक नकार तर पूर्ण राजकारणाचा होता. जॅग्वारच्या इंजिनिअरांना भीती होती की लेलँडवाले आपल्यावर रोव्हरचं व्हीएट, म्हणजे व्ही आकाराचं आठ सिलिंडरचं इंजिन लादतील, म्हणून त्यांनी पुढची बाजू अशी अरुंद आखली की व्ही आकाराचं इंजिन बसूच नये, ही गोष्ट त्याच लोकांनी नंतर सांगितलेली आहे. झालं काय, त्यांचं स्वतःचं व्ही-१२ पण बसेना! ते बसवून गाडी आली १९९३ ला, पुढची बाजू बरीच बदलून, आणि तोपर्यंत व्ही-१२ हवी असलेल्या गिऱ्हाईकाला १९९२ पर्यंत जुनीच सिरीज थ्री विकली. त्यांनी कंपनीची ओळख वाचवायला हे केलं, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, पण स्टायलिंगवाल्यानं हे लक्षात ठेवावं की गाडीचं नाक कधीकधी अशा भांडणात ठरतं ज्याचा सौंदर्याशी काही संबंध नसतो.

मर्सिडीजचं उदाहरण थोडक्यात सांगतो, आपल्या कोल्हापूरला मर्सिडीजचं वेड किती ते सांगायला नको. ब्रूनो साक्को १९७५ ते १९९९ तिथला डिझाईनप्रमुख होता आणि त्याचा एक नियम होता की नवी गाडी आल्यामुळं जुनी गाडी एका रात्रीत म्हातारी दिसता कामा नये. आता हा नियम हातात घेऊन तू शंभर स्केचेस बघ, निम्मी तिथंच गळतात, आणि सगळ्यात आधी गळतात ती सगळ्यात दिमाखदार. कारण लक्झरी गाडी घेणारा माणूस मागच्या गाडीचे पण लाखो रुपये दारात उभे करून बसलेला असतो, त्याला अपमान झाल्यासारखं वाटलं तर तो परत येत नाही. १९७९ ची एस क्लास आज पण मिरजकर तिकटीला उभी राहिली तर माणसं वळून बघतील. १९९१ ची त्यानंतरची मात्र फार अवजड झाली अशी टीका झाली.

आता नाकारलेल्या गाडीला दुसरं घर कसं मिळतं ते. १९६१ ची लिंकन कॉन्टिनेंटल, डिझायनर एल्वुड एंगेलचं काम, ती मुळात फोर्ड थंडरबर्डसाठी केलेली आणि तिथं न निवडलेली होती, फोर्डचे तेव्हाचे वरिष्ठ अधिकारी रॉबर्ट मॅकनमारांनी ती बघितली आणि लांब करून चार दरवाज्यांची लिंकन करायला लावली. अमेरिकेतल्या सगळ्यात शांत, साध्या रेषेच्या गाड्यांत ती मोडते. आणि दुसरी खुद्द जॅग्वारच्या घरातली. ऐंशीच्या दशकात त्यांनी एक स्पोर्ट्स गाडी करायला घेतली होती, एक्सजे फॉर्टी वन, ती वजनानं वाढत गेली, १९८९ ला फोर्डनं जॅग्वार घेतली आणि १९९० ला ती गाडी बंद केली. मग टॉम वॉकिनशॉ या रेसिंगवाल्याच्या मंडळींनी तो आकार जॅग्वारच्याच जुन्या एक्सजेएस या गाडीच्या प्लॅटफॉर्मवर बसवायचा घाट घातला, जॅग्वारनं तेपण नाकारलं, आणि तेच धूड डिझायनर इयन कॅलमच्या हाताखालून अ‍ॅस्टन मार्टिन डीबी सेव्हन होऊन मार्च १९९३ ला जिनिव्हाला उभं राहिलं. सात हजारांवर गाड्या झाल्या तिच्या, अ‍ॅस्टन मार्टिन तोपर्यंत मोजक्या गाड्या करणारी कंपनी होती, तिला या नाकारलेल्या गाडीनं जगवलं. पुढं तोच कॅलम जॅग्वारचा डिझाईनप्रमुख झाला आणि २००९ ला, टाटांनी कंपनी घेतल्याला वर्ष झालं असताना, त्यानं लायन्सची ती ठेवण सोडून पूर्ण वेगळी एक्सजे आणली. नकार उशिरात उशिरा पण येतो हेपण सांगतो, फेब्रुवारी २०२१ ला पूर्ण होत आलेली इलेक्ट्रिक एक्सजे कंपनीनं रद्द केली. त्या स्टुडिओतल्या माणसांचं त्या दिवशी काय झालं असेल ते मला कळतं.

कारण माझं पण झालंय. आमच्याकडं एका सेडानच्या मागच्या खांद्यावर मी आणि माझ्या जोडीदारानं सात आठवडे घालवले होते. रात्री हाताच्या तळव्यानं तपासायचो, डोळे मिटून, कारण डोळ्याला न दिसणारा फुगवटा तळव्याला लागतो. मोठे साहेब आले, दहा मिनिटं फिरले, म्हणाले मजा नाही आली, आणि गेले. कारण नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही क्ले खरवडून काढली तेव्हा कुणी एकमेकांशी बोलत नव्हतं. गणपती ठरवायला गेलेलं मंडळ कुंभाराला "नुसतंच जमलं नाही" म्हणून जातं ना, तसंच, आता त्या बिचाऱ्यानं सोंड बदलायची की डोळे? अशा नकारानं काम वाया जातं, खरोखर जातं. नंतर दुसरे एक साहेब आले, ते मॉडेल उन्हात काढायचे, गुडघ्यावर बसायचे आणि सांगायचे, हे बघा मागच्या दरवाज्याच्या वर हायलाईट तुटतोय, इथं गाडी थकलेली वाटतेय. तेपण नाकारायचेच, आधीच्यांपेक्षा जास्तच नाकारायचे, पण त्यांच्या नकारानंतर आम्ही जेवायच्या सुट्टीत पण मॉडेलभोवती असायचो. आणि त्या जुन्या खांद्याचे टेम्प्लेट, म्हणजे आकार तपासायचे साचे, माझ्या जोडीदारानं कपाटामागं जपून ठेवले होते, तीन वर्षांनी दुसऱ्याच गाडीवर ते लावून बघितले तर दोन ठिकाणी पाच मिलिमीटर काढल्यावर बसले. ती गाडी रस्त्यावर आहे, रोज दिसते मला, कुठली ते सांगत नाही.

मी आता पॅटर्न करतो तिथंपण हेच चालतं, शिरोलीच्या फाउंड्रीतून पॅटर्न परत आला आणि सोबत टेपर, म्हणजे बाजूंचा उतार कमी आहे, साचा उचलताना वाळू तुटते असं लिहून आलं तर मला राग येत नाही, नुसता परत आला तर येतो.

आता तुझं स्केच. स्पर्धेवाल्यांनी कारण दिलं नाही ना, मग मी देतो. मागच्या काचेचा खांब खाली लांबवून बघ, पट्टी लावून, तो मागच्या चाकाच्या बराच पुढं उतरतोय. मोठ्या गाडीत तो चाकाच्या मध्याकडं उतरला पाहिजे, नाहीतर केबिन पुढं घसरल्यासारखी दिसते आणि मागचं चाक नंतर जोडल्यासारखं वाटतं. दुसरं म्हणजे पुढचं चाक दरवाज्याला फार चिकटलंय, चाकाच्या अर्ध्या व्यासाएवढं तरी पुढं सरकव. हेडलाईट, ग्रिल वगैरे आत्ता बघूच नकोस, तिथं तू फार वेळ घालवलायस आणि त्याचा काही उपयोग झालेला नाही. पण खांद्याची रेघ मागच्या दरवाज्यापाशी जरा वर उचलून तू जी सोडून दिलीयस ना, ती चांगली आहे, ती मुद्दाम केलीस की हात गेला ते मला सांग.

ते स्केच फाडू नकोस, त्याच्यावरच ट्रेसिंग पेपर ठेवून नवं काढ आणि कोपऱ्यात तारीख आणि का बदललं ते लिही. रविवारी अकराच्या सुमाराला वर्कशॉपवर ये, माझ्याकडं थोडी क्ले शिल्लक आहे, १:१० मध्ये नुसता मागचा खांदा करून बघू.